इम्युनोथेरपीला साइड इफेक्ट नसतात, असं कृपया छापू नका

संपादक साहेब,

नमस्कार. तुमच्या आरोग्य पानावरचा इम्युनोथेरपीचा, म्हणजे शरीराच्या प्रतिकारशक्तीलाच कॅन्सरशी लढायला लावणाऱ्या औषधांचा लेख वाचला. लेख चांगला होता, खोटं कशाला बोलू, या नव्या औषधांबद्दल इतकं सोपं करून फार कमी लोक लिहितात. पण मधे एक चौकट होती, त्यात जाड अक्षरात छापलं होतं की यात केस गळत नाहीत, उलट्या होत नाहीत, शरीर स्वतःच लढतं म्हणून साइड इफेक्ट नाहीत. त्या शेवटच्या तीन-चार शब्दांसाठी हे पत्र. लांबणार आहे हे आधीच सांगते, जागा नसेल तर माझं वैयक्तिक कापा पण रक्ताबद्दलचं तेवढं ठेवा.

मी डॉक्टर नाही. लॅब टेक्निशियन आहे, २६ वर्षं हिमॅटॉलॉजीच्या टेबलावर, म्हणजे तुमच्या भाषेत सीबीसी करणारी, रक्तपेशी मोजणारी बाई. पेशंट आम्हाला दिसत नाही, आम्हाला दिसते जांभळ्या झाकणाची ट्यूब आणि त्याच्याबरोबरचा फॉर्म. आणि त्या फॉर्मवर काय लिहिलंय आणि काय नाही लिहिलंय यावरून किती फरक पडतो हे मी घरच्याच माणसाच्या बाबतीत बघितलंय, म्हणून हा खटाटोप.

माझ्या वहिनीला फुप्फुसाचा कॅन्सर. तिला केमो नव्हती, पहिल्यापासून नुसती इम्युनोथेरपी, पेम्ब्रोलिझुमॅब, दर तीन आठवड्यांनी सलाइनमधून. चार डोस झाले, खोकला कमी झाला, स्कॅनमध्ये गाठ लहान दिसली, घरात सगळे खूश. अकराव्या आठवड्यात एका सकाळी ब्रश करताना हिरड्यांतून रक्त आलं. तिने ब्रश बदलला. दोन दिवसांनी नडग्यांवर बारीक लाल ठिपके आले, टाचणीने टोचल्यासारखे, खाज नाही, दुखत नाही, दाबलं तरी फिके पडत नाहीत. तिला वाटलं उष्णता असेल. चौथ्या दिवशी मी सहज भेटायला गेले आणि ती पाय वर घेऊन बसलेली, मला ठिपके दिसले. मी म्हटलं, वहिनी, हे कधीपासून? तू सांगितलं का नाहीस? तर म्हणाली, "अगं कशाला उगाच, इम्युनोला काही होत नसतं, मी वाचलंय."

वाचलंय, साहेब. तुमचा लेख तेव्हा आला नव्हता, पण असेच सतरा लेख आधी आले होते.

त्याच संध्याकाळी कॅज्युअल्टीत नेलं. ड्युटीवरच्या पोराने (पोरगाच होता, डोळ्यात झोप) फॉर्मवर लिहिलं, "कॅन्सर फुप्फुस, ऑन केमो". दादा म्हणत होता केमो नाही हो, इम्युनो आहे, पण रात्रीच्या गर्दीत ते कुणाच्या डोक्यात शिरलं नाही. सॅम्पल आमच्याच लॅबला आलं आणि मशीनने आकडा दाखवला, प्लेटलेट ९ हजार. नॉर्मल दीड लाख ते साडेचार लाख असतात.

आता असा आकडा आला की आम्ही लगेच विश्वास ठेवत नाही. आधी ट्यूब तिरकी करून आत गुठळी झालीय का बघायचं, कारण रक्त काढताना उशीर झाला तर गुठळीत प्लेटलेट अडकतात आणि मशीन खोटा कमी आकडा देतं. मग स्लाइड करायची, रंगवायची आणि तिच्या पिसासारख्या टोकाला बघायचं, तिथे प्लेटलेटचे पुंजके दिसले तर तो ट्यूबमधल्या केमिकलचा खेळ असतो, पेशंटला काही झालेलं नसतं, मग निळ्या झाकणाच्या सायट्रेट ट्यूबमध्ये परत सॅम्पल मागवायचं. वहिनीच्या स्लाइडवर पुंजके नव्हते. ऑइल लेन्सखाली एका फील्डमध्ये नॉर्मल माणसाच्या दहा-पंधरा प्लेटलेट सहज दिसतात. मी फील्ड सरकवत गेले, एक रिकामं, दुसऱ्यात एक, परत रिकामं. एका फील्डमधली एक प्लेटलेट म्हणजे ढोबळमानाने पंधरा-वीस हजार, म्हणजे मशीन बरोबर होतं. लाल पेशी व्यवस्थित, पांढऱ्या पेशी व्यवस्थित, त्यांच्यात एकही चुकार पेशी नाही, फक्त प्लेटलेट गायब. आणि ज्या होत्या त्यातल्या दोन-तीन चांगल्या मोठ्या, म्हणजे बोनमॅरो (हाडातला मगज, जिथे रक्तपेशी तयार होतात) नवा माल पाठवतोय पण बाहेर कुणीतरी तो खातंय. केमोने सहसा असं होत नाही. केमो बोनमॅरोलाच झोपवते, तेव्हा पांढऱ्या पेशीही पडतात, हिमोग्लोबिनही उतरतं, आणि ते सगळं डोसनंतर सात ते चौदा दिवसांच्या आसपास होऊन परत वर येतं. हे एकट्या प्लेटलेटचं पडणं वेगळंच होतं.

मी फोन केला, क्रिटिकल व्हॅल्यूचा, म्हणजे जिवाला धोका असलेल्या आकड्याचा फोन करावाच लागतो, आणि आकडा सांगून वर आगाऊपणे म्हटलं की ही केमोवर नाही, पेम्ब्रोलिझुमॅबवर आहे. पलीकडून "हो हो, प्लेटलेट चढवतोय". चढवल्या. रात्री दोनला आकडा २६ हजार, सकाळी सातला परत ११. बाहेरून घातलेल्याही तिच्या शरीराने पाच तासांत फस्त केल्या. तेव्हा कुठे ऑन्कॉलॉजिस्ट, म्हणजे कॅन्सरच्या डॉक्टर मॅडमना फोन गेला, त्या आल्या, दोन मिनिटं स्लाइड बघितली आणि म्हणाल्या हे इम्युन आहे, स्टिरॉइड चालू करा. त्या दिवशीपासून प्रेडनिसोलोन, शिवाय दोन दिवस आयव्हीआयजी, म्हणजे हजारो रक्तदात्यांच्या प्लाझ्मातून काढलेल्या अँटिबॉडीज. तिसऱ्या दिवशी ३४, आठवड्यात ८८, दोन आठवड्यांनी लाखाच्या वर. डोक्यात रक्तस्राव झाला नाही हे आमचं नशीब, कारण दहा हजारांच्या खाली तो कधीही होऊ शकतो.

आता हे का होतं ते सांगते, जेवढं मला कळलंय तेवढं. आपल्या टी पेशी म्हणजे शरीरातले शिपाई, आणि त्यांनी घरातल्याच माणसांवर लाठी उगारू नये म्हणून त्यांना ब्रेक दिलेले असतात. एका ब्रेकचं नाव सीटीएलए-४, दुसऱ्याचं पीडी-१. कॅन्सर लबाड, तो पीडी-१ चा ब्रेक दाबून धरतो आणि शिपाई समोर उभे असून काही करत नाहीत. जेम्स ॲलिसन आणि तासुकू होंजो यांनी हे ब्रेक सोडवता येतात हे दाखवलं, त्याबद्दल त्यांना २०१८ चं नोबेल मिळालं. २०११ मध्ये इपिलिमुमॅब आलं, २०१४ मध्ये पेम्ब्रोलिझुमॅब आणि निवोलुमॅब, आणि जो मेलानोमा, म्हणजे कातडीचा कॅन्सर, पसरला की डॉक्टर हात टेकायचे त्याचे पेशंट वर्षानुवर्षं जगायला लागले. हे सगळं खरं आहे आणि तुमच्या लेखात ते छान आलंय.

पण ब्रेक सोडला तर गाडी फक्त कॅन्सरच्याच दिशेने जाईल हे कुणी सांगितलं? ही गोष्ट माणसांना औषध देण्याच्या कितीतरी आधी उंदरांनी सांगून ठेवली होती. १९९५ मध्ये सीटीएलए-४ चा जीन काढलेले उंदीर तयार केले, ते जन्मल्यावर तीन-चार आठवड्यांत मेले, त्यांच्याच टी पेशी त्यांच्या हृदयात आणि बाकी अवयवांत घुसल्या होत्या. पीडी-१ नसलेले उंदीर एवढ्या लवकर नाही मेले पण त्यांना म्हातारपणी ल्युपससारखा आजार झाला. म्हणजे स्वतःच्याच शरीरावर हल्ला हा या औषधाचा अपघात नाही, ज्या कारणाने ते काम करतं त्याच कारणाने तो होतो. म्हणून "शरीर स्वतःच लढतं म्हणून साइड इफेक्ट नाहीत" हे वाक्य नुसतं चुकीचं नाही, ते बरोबर उलटं आहे. शरीर स्वतःच लढतं म्हणूनच साइड इफेक्ट आहेत.

बहुतेकांना हा हल्ला कातडीवर होतो, पुरळ, खाज. नाहीतर थायरॉइड, आतडी, लिव्हर, कधी फुप्फुसं. हे डॉक्टरांना पाठ झालंय आता. रक्तावरचा हल्ला मात्र कमी वेळा होतो, शंभरात तीन-चार जणांच्या रक्तात काहीतरी खालीवर होतं आणि खरोखर गंभीर म्हणावं असं शंभरात एकाहूनही कमी. आकडा लहान आहे म्हणूनच घात होतो. जे रोज दिसत नाही ते ड्युटीवरच्या माणसाला आठवत नाही.

२०१९ मध्ये लॅन्सेट हिमॅटॉलॉजीमध्ये फ्रान्समधल्या ३५ पेशंटचा अभ्यास आला होता, सगळे पीडी-१ किंवा पीडी-एल१ (पीडी-१ चा ब्रेक दाबणारं प्रथिन) यांच्यावरच्या औषधांवर असताना रक्त बिघडलेले. त्यात नऊ जणांच्या प्लेटलेट गेलेल्या, नऊ जणांच्या लाल पेशी फुटत होत्या, नऊ जणांच्या न्यूट्रोफिल म्हणजे जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी संपलेल्या, आणि उरलेल्या आठांमध्ये एकापेक्षा जास्त पेशी पडलेल्या किंवा बोनमॅरोच आटलेला. मला या अभ्यासातलं सगळ्यात लक्षात राहिलं ते हे की एकच रोग नाही. एकाच औषधाने कुणाचं हे जातं, कुणाचं ते. त्यामुळे "ही लक्षणं आली तर या" असं एका ओळीत सांगता येत नाही, लेख लिहिणाऱ्याचीही अडचण समजू शकते मी.

लाल पेशी फुटतात त्याबद्दल थोडं सांगू द्या कारण तिथे आमच्या लॅबवाल्यांची पण चूक होऊ शकते. एकदा एक सॅम्पल आलं, सेंट्रिफ्यूजमधून काढलं तर वरचा सीरम लालसर. नियम काय, तर सॅम्पल हिमोलाइज्ड आहे, रक्त काढताना सुई नीट लागली नाही, परत पाठवा. आमच्या मुलीने तसं लिहून परत पाठवलं. दुसरं सॅम्पल आलं, तेही लालसर. ती तिसऱ्यांदा "रिपीट" लिहिणार तेवढ्यात मी थांबवलं, म्हटलं दोन वेगवेगळ्या माणसांनी दोन वेगवेगळ्या हातांतून काढलेलं रक्त दोन्ही वेळा ट्यूबमध्येच कसं फुटेल, ते आतच फुटतंय. स्लाइड केली तर लाल पेशींचा मधला फिकटपणा गेलेला, लहान टणक गोट्यांसारख्या गोल पेशी, स्फेरोसाइट म्हणतात आम्ही. हिमोग्लोबिन ५.८. वॉर्डला फोन करून विचारलं कुठलं औषध चालू आहे, तर सिस्टर फाइल चाळून म्हणाली निवोलुमॅब, दोन महिने झाले. त्या पेशंटचे डोळे पिवळे होते, लघवी गडद तपकिरी होत होती, आणि सगळ्यांनी गृहीत धरलं होतं की कॅन्सर लिव्हरमध्ये गेलाय. घरच्यांना तसं सांगूनही झालं होतं, म्हणे.

याला ऑटोइम्युन हिमोलिटिक ॲनिमिया म्हणतात. एलडीएच वाढतो, बिलीरुबिन वाढतं, रेटिक म्हणजे कोवळ्या लाल पेशींचा आकडा चढतो, हॅप्टोग्लोबिन तळाला जातं. कूम्ब्स टेस्ट, म्हणजे लाल पेशींना अँटिबॉडी चिकटल्यात का ते बघायची टेस्ट, पॉझिटिव्ह येते, पण या औषधांच्या बाबतीत कधीकधी निगेटिव्ह येऊनही रोग असतो, म्हणजे एका टेस्टवर विसंबून "नाही" म्हणता येत नाही. आणि खरी पंचाईत पुढे ब्लड बँकेत होते. हिमोग्लोबिन ५.८ म्हणून रक्त मागवलं तर क्रॉसमॅच होतच नाही, पेशंटच्या अँटिबॉडीज त्याच्याच पेशींना चिकटतात तशा दात्याच्याही प्रत्येक पिशवीला चिकटतात. दहा पिशव्या लावल्या, दहाही जुळल्या नाहीत. नातेवाईक खिडकीवर येऊन भांडतात की ग्रुप तर कॉमन आहे मग रक्त का देत नाही. ब्लड बँकेला आधी कुणी "इम्युनोथेरपी चालू आहे" एवढं कळवलं असतं तर ते पहिल्यापासून वेगळ्या पद्धतीने शोधायला लागले असते, त्यांच्याकडे त्याच्या युक्त्या असतात आणि जीव जात असेल तर त्यातल्या त्यात कमी विरोध करणारी पिशवी सावकाश देतातही, पण त्या गोष्टींना तास लागतात. तो पेशंट स्टिरॉइडवर सावरला. लिव्हर स्वच्छ निघालं.

न्यूट्रोफिल पडणं आमच्याकडून बघायला अगदी साधं, काउंट ५०० च्या खाली गेला की फोन करायचा. पण पेशंटला बाहेरून काहीच दिसत नाही, ना ठिपके ना पिवळेपणा, सरळ ताप येतो आणि काही तासांत बीपी पडतं. त्या फ्रेंच अभ्यासातले जे दोघे गेले ते याच तापाने गेले. इम्युनोथेरपीवरच्या माणसाला ताप आला तर पॅरासिटामॉल देऊन सकाळपर्यंत बघू हा विचार करू नये, एवढंच म्हणेन.

बोनमॅरो आटणं क्वचित, पण फार वाईट, स्टिरॉइडला दाद देईलच असं नाही, महिनोन् महिने रक्त आणि प्लेटलेट चढवत बसावं लागतं. आणखी एक विचित्र प्रकार म्हणजे मोठ्या वयात हिमोफिलिया, म्हणजे रक्त नीट न गोठण्याचा आजार होणं. जन्मजात नाही, तर शरीर आपल्याच फॅक्टर आठ या रक्त गोठवणाऱ्या प्रथिनाच्या विरुद्ध अँटिबॉडी तयार करतं. यात प्लेटलेट अगदी नॉर्मल, रक्त गोठायला किती वेळ लागतो ते मोजणाऱ्या दोन टेस्टपैकी पीटी नॉर्मल, फक्त एपीटीटी लांबलेला, आणि माणसाच्या मांडीवर नाहीतर पाठीवर कुठेही न आपटता तळहाताएवढे काळेनिळे डाग. प्लेटलेट चांगल्या आहेत म्हणून अशा माणसाला घरी पाठवलं जाऊ शकतं.

आणि एचएलएच. याचं पूर्ण नाव लिहीत नाही, तुमच्या टायपिंगवाल्याने शिव्या दिल्या असत्या. यात प्रतिकारशक्ती इतकी पेटते की बोनमॅरोतल्या सफाई करणाऱ्या पेशी चक्क चांगल्या रक्तपेशी गिळायला लागतात, मायक्रोस्कोपखाली एका पेशीच्या पोटात चार लाल पेशी आणि एक प्लेटलेट बसलेली दिसते, एकदा बघितलं की विसरत नाही. सतत ताप, प्लीहा वाढलेली, तिन्ही प्रकारच्या पेशी उतरणीला, फेरिटिन (लोह साठवणारं प्रथिन) हजारांत, कधी दहा हजारांच्या वर. बघणाऱ्याला हे हुबेहूब सेप्सिस वाटतं आणि अँटिबायोटिकवर अँटिबायोटिक बदलत दिवस जातात. एक खूण आम्हाला लॅबमध्ये दिसते, शरीरातली जळजळ दाखवणाऱ्या दोन टेस्टपैकी सीआरपी आकाशाला भिडलेला आणि ईएसआर मात्र पडत चाललेला, कारण फायब्रिनोजेन हे रक्त गोठवणारं प्रथिन संपत असतं. अशी जोडी दिसली की मी आता स्वतःहून फोन करते, कुणी आगाऊ म्हटलं तरी चालेल.

हे सगळं वाचून कुणी औषध बंद करायला निघालं तर माझं पत्र फुकट जाईल, म्हणून तेही सांगते. वहिनी आज उभी आहे ती पेम्ब्रोलिझुमॅबमुळेच. शंभरातल्या नव्याण्णवाहून जास्त लोकांना रक्ताचं गंभीर काही होत नाही. आणि ज्यांना होतं त्यातले बरेच जण वेळेत स्टिरॉइड मिळालं तर सावरतात, नाही सावरले तर पुढे आयव्हीआयजी आहे, रिटुक्सिमॅब आहे, न्यूट्रोफिलसाठी जीसीएसएफची इंजेक्शनं आहेत. स्टिरॉइड दिलं की इम्युनोथेरपीचा फायदा वाया जातो अशी भीती आम्हाला पण होती, दादाने तर पहिल्या दिवशी गोळ्या द्यायला हात आखडला होता. ऑन्कॉलॉजिस्ट मॅडमनी त्याला समजावलं की साइड इफेक्टसाठी दिलेल्या स्टिरॉइडने मिळालेला फायदा सहसा जात नाही, आणि प्लेटलेट ११ हजार असताना गाठीचा विचार नंतर. वहिनीची इम्युनोथेरपी तिथेच थांबवली. गाठ त्यानंतरही गप्प आहे, असं काही पेशंटमध्ये होतं. स्टिरॉइडचा त्रास झाला तो वेगळाच, शुगर वाढली, रात्री तीनला उठून कपाटं आवरायची, दादावर चिडायची, गोळी कमी करत करत बंद व्हायला दोन महिने लागले. ते दोन महिने काउंट परत पडतोय का म्हणून दर आठवड्याला सीबीसी.

वेळेची गोष्ट लोकांना अजिबात माहीत नाही, आणि तुमच्या लेखातही नव्हती. केमोला टाइमटेबल असतं, इम्युनोथेरपीला नसतं. रक्ताचे हे प्रकार साधारण दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात जास्त दिसतात, पण कुणाला पहिल्या डोसनंतर होतात, कुणाला वर्षाने. औषध बंद करूनही होतात, कारण ते शरीरातून अर्धं जायलाच तीन-साडेतीन आठवडे लागतात आणि टी पेशींना चिकटलेलं त्याहून जास्त दिवस राहतं. त्यामुळे "इम्युनो संपून चार महिने झाले, त्याचा काय संबंध" हे वाक्य मी कॅज्युअल्टीतून ऐकलंय आणि ते चूक आहे. हल्ली हेच औषध दुप्पट डोसमध्ये सहा आठवड्यांनी एकदा पण देतात, पेशंटची खेप वाचते, चांगलंच आहे. पण डोसच्या आधीच सीबीसी करायची पद्धत असेल तर दोन रिपोर्टमध्ये सहा आठवडे जातात, आणि प्लेटलेटचं आयुष्य आठ-दहा दिवसांचं असतं, न्यूट्रोफिल तर रक्तात दिवसभरही टिकत नाही. मधल्या काळात ठिपके, हिरड्या, काळे डाग, डोळे, लघवीचा रंग, ताप, जिना चढताना अचानक लागणारा दम, हे घरच्यांनीच बघायचं असतं, आणि साइड इफेक्ट नसतातच असं वाचलेला माणूस ते बघत नाही.

माझी सगळ्यात मोठी तक्रार मात्र फॉर्मबद्दल आहे. आमच्याकडे येणाऱ्या फॉर्मवर केमो, रेडिएशन असे खण असतात, इम्युनोथेरपीचा खण मी आजवर एकाही फॉर्मवर बघितला नाही. मग लिहिणारा "केमो" वर टिक करतो आणि पुढची सगळी माणसं त्या टिकच्या मागे चालतात. खरं तर कॅन्सरच्या डॉक्टरांच्या मोठ्या संस्थांनी यावर सविस्तर मार्गदर्शन काढलंय, अमेरिकेतल्या ॲस्को या संस्थेचं २०१८ मध्ये आलं आणि २०२१ मध्ये सुधारलं, त्यात रक्ताचं वेगळं प्रकरण आहे, कुठल्या आकड्याला काय करायचं ते लिहिलंय. म्हणजे ज्ञानाची कमतरता नाही. ते रात्री अकराला कॅज्युअल्टीतल्या पोरापर्यंत पोचत नाही. त्याला दोष देऊन उपयोग नाही, त्याच्यासमोर वीस पेशंट असतात आणि फॉर्मवर चुकीचा शब्द.

म्हणून दादाने एक कार्ड करून घेतलं, मॅडमची सही असलेलं. पुढच्या बाजूला औषधाचं नाव, पहिला आणि शेवटचा डोस कधी, "ही केमोथेरपी नाही" हे मोठ्या अक्षरात, आणि मागे मॅडमच्या युनिटचा नंबर. असं कार्ड बरीच कॅन्सर सेंटर स्वतःच देतात, मागितलं तर मिळतं, पण मागायचं असतं हे कुणाला माहीत? वहिनीच्या पर्समध्ये ते आधार कार्डाच्या पुढे असतं. मागच्या महिन्यात दात काढायचा होता तेव्हा तिने डेंटिस्टला आधी ते दाखवलं, त्याने इम्युनोथेरपी हा शब्द वाचून सरळ सांगितलं की सीबीसी आणि एपीटीटी करून या मगच हात लावतो. मला त्या डेंटिस्टच्या पाया पडावंसं वाटलं.

तेव्हा विनंती एवढीच. दुरुस्ती छापा. "साइड इफेक्ट नाहीत" च्या जागी "साइड इफेक्ट वेगळे आहेत, रक्तावरही होतात, औषध थांबल्यावरही होतात, आणि हॉस्पिटलमध्ये गेल्यावर पहिल्या वाक्यात इम्युनोथेरपी हा शब्द सांगा" असं काहीतरी. आतल्या पानावर कोपऱ्यात दोन ओळी नकोत. चौकट तेवढीच असू द्या आणि अक्षरंही तेवढीच जाड.

आपली नियमित वाचक,
एक लॅब टेक्निशियन
(नाव छापू नये ही विनंती, वहिनीला तिच्या नडग्यांची चर्चा पेपरात झालेली आवडणार नाही)